कॅनमधलं मीठ

पवनीच्या दवाखान्यात शोभाताई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. डॉक्टरांच्या खोलीतून मारोतराव आणि शकुनबाई हे नवराबायको बाहेर आले आणि नेमके त्यांच्याच बाकावर टेकले. शोभाताईंनी मान वळवली नाही, कान मात्र तिकडेच लावले.

“डॉक्टर काय म्हणाले, आयकलं ना?”

“किडनी मीठ धरून ठेवते, मंग मीठ पाणी धरते. म्हणून पाय सुजते.”

“त्याच्या बादचं सांगा.”

“बादचं काय?”

“धरून उरलं ते लघवीत टाकते म्हणे. म्हणून तं दिवसभराची लघवी कॅनमधी जमा कराले लावली. त्याच्यात मीठच मीठ निघालं.”

“निघालं असंल.”

“घरी तं मी भाजीत चिमूटभर मीठ टाकत नाही. मंग आलं कोठून?”

“कोंढ्याले भावाच्या घरी गेलो होतो. वहिनीनं झिंग्याची चटणी वाढली.”

“एकडाव?”

“धानाच्या कामानं जाणं होते.”

“धान तं कापून झाला.”

शोभाताईंनी पर्स उघडली आणि उगाच बंद केली.

“तुमचं पथ्य ठाऊक होतं तिले?”

“ठाऊक होतं. म्हणे, एका घासानं काय होते.”

“अन् मी तुमच्यासंगं अळणी खाऊन राहिली. दिवाळीचा चिवडाबी अळणीच केला.”

“तुले कोणं सांगतलं होतं?”

“कोणी नाही. चाला घरी. आज भाजीत मूठभर मीठ टाकतो. पाय सुजाचेच असले, तं माह्या हातानं सुजू द्या.”