दरीवर अडकलेला पाळणा

सून: आई, उठू नका तुम्ही. तुम्ही उठलात की हा पाळणा कलतो.

सासूबाई: उठले नाही गं, जरा सरकले. किती वेळ झाला?

सून: चाळीस मिनिटं. स्पीकरवरचा तो रोपवेचा माणूस वीसच म्हणाला होता. आधी म्हणाला वारा आहे, मग म्हणाला वरचं चाक दोरावरून सरकलंय. आता तर काहीच म्हणत नाही.

सासूबाई: तू खाली बघू नकोस. वर्गात पोरांना दऱ्याखोरी शिकवतेस आणि इथे डोळे मिटून बसलीयेस.

सून: नकाशावरची दरी वेगळी, आई. माझे हात बघा, गार पडलेत. तुम्हाला कशी भीती वाटत नाही?

सासूबाई: वाटते की. माझी भीती गप्प बसते, एवढंच. आपण कालच्या बागांचं बोलू. एका शहरात एवढ्या बागा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. रस्त्याच्या मधोमधसुद्धा फुलं.

सून: मला आत्ता बागा आठवत नाहीत. ह्यांना फोन लागत नाहीये. होडीत बसण्याआधी फोन काठावर ठेवायला लावतात म्हणे. मीच म्हटलं होतं, तुम्ही मित्रांबरोबर नदीत जा, आम्ही दोघी आरामात पाळण्यातून फिरू... हलला. आई, तो दांडा धरा.

सासूबाई: धरलाय. तू धर.

सून: थांबा, स्पीकर बोलतोय. ऐकलंत? बाकाखाली पट्टे आहेत, ते चढवून बसा म्हणतोय. एक माणूस दोरावरून येतोय. एकेकीला दोराला बांधून नदीच्या काठावर सोडणार. मला नाही जमणार, आई.

सासूबाई: आधी पट्टे तर काढ.

सून: हा तुमचा. घ्या... आई, घ्या ना.

सासूबाई: हो, घेते.

सून: तिकडे कुठे? मांडीवर ठेवलाय तुमच्या.

सासूबाई: हां. मिळाला.

सून: आई, ही माझी किती बोटं आहेत?

सासूबाई: आत्ता हे काय काढलंस?

सून: काल बागेत तुम्ही चालता चालता सरळ वाफ्यात गेलात. चप्पल घसरली म्हणालात. परवा हॉटेलात त्या तान्ह्या मुलाच्या गाडीला धडकलात. मला वाटलं, दमला असाल. किती बोटं?

सासूबाई: हात समोर धर, मग सांगते. बाजूला धरलास तर नाही दिसत.

सून: कधीपासून?

सासूबाई: वर्ष झालं असेल. नळीतून बघावं तसं दिसतं. नळी बारीक होत चाललीय, आणि आता मधलंही धुरकट झालंय. सहा महिन्यांत मशीनवर एक टाका घातला नाही मी. तुम्हाला सांगितलं, कंबर दुखते.

सून: डॉक्टरांकडे?

सासूबाई: एकटीच जाऊन आले. काचबिंदू म्हणाले. गेलेली नजर परत येणार नाही, ऑपरेशन केलं तर उरलेली बहुतेक टिकेल. तारीखही दिली होती.

सून: कधीची?

सासूबाई: मागच्या सोमवारची.

सून: मागच्या सोमवारी आपण सामान भरत होतो.

सासूबाई: हो. त्यांच्या त्या ‘बहुतेक’च्या भरवशावर डोळे देण्याआधी म्हटलं, बागा बघून घ्याव्यात. बिघडलंच तर एवढं पाहिलेलं तरी राहील.

सून: आणि आम्हाला पत्ताच लागू द्यायचा नाही?

सासूबाई: माझ्या आत्याला दिसेनासं झालं, तेव्हा घरच्यांनी तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. कुणी वाईट नव्हतं गं. सगळं हातात मिळायचं. पाणी प्यायला उठली तरी चारजण धावायचे. अकरा वर्षं ती त्या खुर्चीत होती. मला ह्या दरीचं काही नाही. त्या खुर्चीची भीती वाटते.

सून: मला तुमचा खूप राग आलाय.

सासूबाई: येऊ दे. रागात भीती तरी विसरलीस.

सून: ऐका. छतावर कुणीतरी पाय ठेवला.

दोरवाला: घाबरू नका, ताई. दार उघडतोय, वारा आत येईल. दोघीच ना? आधी कोण?

सासूबाई: हिला न्या. हिला उंचीची फार धास्ती आहे. मी थांबते.

सून: नाही, आधी ह्यांना न्या. ह्यांना कमी दिसतं.

सासूबाई: अगं...

सून: दार कुठे, पाय कुठे, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. मी इथून सांगते.

दोरवाला: ताई, मला परत वर यायला वीस मिनिटं लागतील. तोवर तुम्ही एकट्या. पाळणा हलेल. जमेल?

सून: नाही जमणार. पण बसेन.

सासूबाई: मग खाली काय आहे ते सांग आधी. खोटं सांगू नकोस.

सून: थांबा, डोळे उघडते... झाडं आहेत, आई. नुसते शेंडे दिसतात. त्यांच्यामधून नदी, पांढरीफेक, खडकांवर आपटतेय. उजवीकडे थोडं गवत आहे, त्यावर चार माणसं, बोटाएवढी. तुम्हाला तिथे उतरायचंय.

सासूबाई: लांब आहे.

सून: खूप लांब आहे. दारात बसा. आता उजवा पाय बाहेर. आता डावा. ह्यांच्या खांद्याला धरा. नाही, अजून डावीकडे. हां.

दोरवाला: काकू, सगळं वजन दोरावर टाका. निघालो.

सासूबाई: बोलत राहा गं.

सून: बोलतेय. अजून शेंड्यांच्या वर आहात... आता शेंड्यांपाशी... आता दिसत नाही तुम्ही. आई? आई, ऐकू येतंय का?

(नदीकाठचं गवत. अर्ध्या तासाने.)

सासूबाई: आलीस?

सून: आले. पाय माझेच आहेत का ते बघतेय.

सासूबाई: एकटीने काय केलंस वर?

सून: रडले. मग बाकाचे स्क्रू मोजले. मग परत रडले. तुम्ही?

सासूबाई: मी वर तोंड करून बसले होते. काही दिसत नव्हतं. वारा सुटला की ह्या लोकांना सारखी विचारत होते, आहे ना ती, आहे ना. कंटाळले असतील बिचारे.

सून: ह्यांचे तीन फोन येऊन गेलेत. काय सांगू?

सासूबाई: तू नको सांगूस. मी बोलते त्याच्याशी. पाळण्याचं सांगते आणि डोळ्यांचंही.

सून: आत्ताच?

सासूबाई: आत्ताच. तासाभराने धीर व्हायचा नाही मला. हा घे माझा फोन, नंबर तू लाव. मला आकडे दिसत नाहीत.