उलथणं बांधून झोपणारी सून

हसा तुम्ही, पण माह्या हाताले त्या उलथण्यानंच वाचवलं. सकाळी अंगठा आन् बाजूची दोन बोटं बधिर; ब्लाऊज शिवता शिवता सुई हातातून सुटून जाये, आन् लग्नसराईचं काम अंगावर. डॉक्टर म्हणाले, "झोपेत मनगट दुमडून गालाखाली घेता, त्यानं नस दबते. सरळ ठेवा." मी मनगटाखाली लाकडी उलथणं घेतलं, वरून ओढणी सैल गुंडाळली.

सासू गल्लीभर सांगत सुटली, "आमची सून झोपेत पोळ्या उलटवते." मी रोज रात्री उलथणं बांधतच राह्यली. हळूहळू बोटं मोकळी झाली, सगळे ब्लाऊज वेळेवर गेले.

परवा दुपारी सासू लाकडी पळी घेऊन आली. "मलेही मुंग्या येतात वं. बांधून दे, पण दार लोटून घे."

बांधली ना. दार सताड उघडं ठेवून.