माझ्या पिस्तुलाची बेअब्रू

हसू नका, पण माझा परवाना सासऱ्यांनी घालवला आणि त्यांनीच वाचवला.

मी इथे स्टुटगार्टच्या क्लबात नेमबाजी करते, हे तुम्हाला माहीतच आहे. पिस्तूल घरी तिजोरीत असतं आणि ते नीट ठेवलंय का, हे बघायला अधिकारी न सांगता टपकतो. या वेळी तो आला तेव्हा सासरे नगरहून आलेले. रिटायर्ड फौजदार! मी तिजोरी उघडेपर्यंत त्यांनी इंग्रजीत अभिमानाने सांगूनही टाकलं, "सूनबाईने चोरांसाठी ठेवलंय!"

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. इथे परवाना मिळतो तो खेळासाठी. स्वतःच्या रक्षणासाठी म्हटलं की संपलंच. मी ओरडले, "अहो बाबा, नाही!"

"थांब गं," म्हणत बाबा उघड्या तिजोरीत डोकावले. माझं पिस्तूल ते पहिल्यांदाच बघत होते. माझ्या डाव्या पंजाच्या मापाने चार महिने कानशीने घासून मी त्याला जाडजूड लाकडी मूठ बसवली आहे.

"हे?" बाबांचा चेहराच पडला. "साहेब, माझे शब्द मागे घेतो. हे खिशात मावणार नाही, कमरेला लागणार नाही. यात हात बसवेपर्यंत चोर चहा पिऊन जाईल. जाताना विचारेल, ताई, हे ड्रिल मशीन कुठून घेतलं?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" अधिकारी खो खो हसला आणि त्याने सही केली.

माझ्या चार महिन्यांच्या मेहनतीची अशी बेअब्रू चालली होती, आणि मी शेजारी उभी राहून जोरजोरात मान डोलावत होते.