दोन मिनिटांत मांडायचे वाद

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या कारखान्याचे मालक, चष्म्याच्या काचा घासणारे, पुसणारे आणि तपासणारे माझे सगळे सहकारी, आणि पहिल्या रांगेत बसलेली सत्कारमूर्तींची लेक,

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. सवय दोनची आहे. आमचं घासायचं यंत्र दहा मिनिटं चालतं. तेव्हा शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नाही. मग काच बदलायला दोन मिनिटं थांबतं. सत्कारमूर्ती आणि मी समोरासमोर बसून अठ्ठावीस वर्षं त्या दोन-दोन मिनिटांत भांडलो. वाक्य अर्धं राहिलं तर पुढच्या काचेला पूर्ण करायचं, आणि मधल्या दहा मिनिटांत मत बदलायचं नाही, असा आमचा नियम. ह्यांना सगळे ‘विरोधी पक्ष’ म्हणतात ते काही उगाच नाही.

सिनेमा कुठलाही असो, हे शेवटची पंधरा मिनिटं बघत नाहीत. म्हणे, “तोवर दिग्दर्शकाला घरी जायची घाई झालेली असते. शेवट आपला आपण करावा.” मालिकांवर तर विशेष राग, आणि बघणार रोज! “त्या घरात नऊ धडधाकट पुरुष, एकही कामाला जात नाही. घर चालवतं कोण?” मी विचारलं, तुला कशाला पंचाईत? तर म्हणे, “रोज भेटतात रे, काळजी वाटणारच.” राजकारणात ह्यांचं मत असं, की निवडून आलेल्याला पहिलं वर्ष शिव्या देऊ नयेत, त्याचा स्वतःचाच अजून विश्वास बसलेला नसतो. अध्यक्ष महाशय, आपणही संघटनेवर नुकतेच निवडून आला आहात, पण हे आपल्याला उद्देशून नाही.

देवाचं मात्र अवघड होतं. मी न मानणारा, हे मानणारे. पण मानणंही कसं? “देव आहे. पण त्याच्याकडे मागायला जाऊ नये. आधीच गर्दी फार, आपण तरी एक माणूस कमी करावा.” तो वाद कुठल्याशा उन्हाळ्यात सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही.

सहा वर्षांपूर्वी माझी बायको गेली. आठ दिवसांनी मी कामावर आलो. सगळे हळू आवाजात बोलत होते, चहा हातात आणून देत होते. पहिली काच उतरली, यंत्र थांबलं, आणि हा गृहस्थ म्हणतो, “तुझ्या त्या लाडक्या नटाला अभिनयातलं ओ की ठो कळत नाही.” मी असा भडकलो! दिवसभर भांडलो. संध्याकाळी घराचं कुलूप काढताना लक्षात आलं, की आज आपण डबासुद्धा संपवला.

मालकांनी त्याला निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस तरी या म्हणून विनंती केली. तो नाही म्हणाला. उद्या सकाळी लेकीकडे निघाला आहे, आणि त्याचं बरोबरच आहे. अध्यक्ष महाशय, आता मला अहो-जाहो जमत नाही, क्षमा असावी. अरे, तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं. गेला महिनाभर रोज तुला हे सांगतोय, पण यंत्र चालू असताना.

पोरी, तुला एकच सांगतो. बाप म्हातारा झाला म्हणून त्याच्या हो ला हो म्हणू नकोस. आठवड्यात सुकून जाईल तो. सकाळी चहाचा कप पुढे करताना काहीतरी उलटं बोलत जा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, संघटनेने मला बोलायला उभं केलं, ह्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने ते पोटात घालावं. तू मात्र घालू नकोस. कुठे कुठे चुकलो ते नीट लक्षात ठेव, आणि रविवारी फोन करून सांग. मी दिवसभर घरीच असतो.