बोलोन्याजवळ राहिलेल्या मुलीबाबत

नाव: सौ. संपदा आशुतोष रिसबूड. वय: ३५ वर्षे. व्यवसाय: नोकरी, सॉफ्टवेअर टेस्टिंग. राहणार: आइंडहोवन. मूळ गाव: चिंचवड, पुणे. दिनांक: १५ सप्टेंबर २०२१, बुधवार, सकाळी १०.१०.

आज बोलावल्यावरून मी आइंडहोवनच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून माझा जबाब देते. मला इंग्रजी चांगलं येतं. पण इंग्रजीत मी ऑफिसच्या मीटिंगसारखी बोलते आणि सगळं आलबेल आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणून मी मराठीत बोलायची परवानगी मागितली. दुभाषी म्हणून शामलाताई हजर आहेत. त्यांची माझी आधीची ओळख नाही.

माझ्या घरी मी, माझे पती आशुतोष, मुलगी संहिता, वय ५, आणि मुलगा यशोधन, वय २, असे चौघं राहतो. ३१ जुलै रोजी इटलीत हायवेवरच्या एका थांब्यावर संहिता एकटी राहिली. तिथल्या पोलिसांनी कागद इकडे पाठवले आहेत. मुलीला आम्ही मुद्दाम सोडलं की ती चुकून राहिली, एवढंच या चौकशीत ठरायचं आहे, असं मला समजावून सांगितलं. त्याच्यावर पुढे काय काय अवलंबून आहे ते मला माहीत आहे. इथे डच सरकार आईबापांकडून मुलं काढून घेतं, असे मेसेज आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर वर्षभर फिरत असतात. मी ते वाचून हसत असे.

प्रवास कसा ठरला ते सांगते. आल्मेरेला राहणारे पुष्कर आणि उल्का हे आमचे जुने मित्र आहेत. त्यांना ईशानी ही सहा वर्षांची मुलगी आहे. लॉकडाऊनमध्ये भारतात जाता येईना, इथे घरी पाहुणा एकच चालत होता, तेव्हा आम्ही दोन घरांनी मिळून एकच घर असल्यासारखं धरलं होतं. तिन्ही मुलं दोन्ही घरांची. कोण कुणाकडे जेवलं, कोण कुणाकडे झोपलं, याचा हिशोब कधी ठेवला नाही. जुलैत रस्ते उघडल्यावर दोन गाड्या घेऊन इटलीला जायचं ठरलं.

२४ जुलैला शाळेला सुट्टी लागली आणि त्याच दिवशी पहाटे आम्ही निघालो. सात दिवसांत पाच गावं. यादी मी केली होती. दीड वर्ष घरात बसल्याचं सगळं उट्टं मला एका आठवड्यात काढायचं होतं. व्हेरोना, पिसा, फ्लॉरेन्स, सगळीकडे आम्ही सकाळी आठला रांगेत उभे. मुलांना काही बघायचं नव्हतं. पिसाला मनोरा ढकलतानाचे फोटो काढून होईपर्यंत संहिता फरशीवर आडवी झाली होती. तिला रोज संध्याकाळी वरणभात हवा असे, म्हणून हॉटेलच्या खोलीत मी डिकीतला छोटा कुकर लावत असे. मी तिच्यावर त्या आठवड्यात पुष्कळ ओरडले. जबाब घेणाऱ्या अधिकारी बाईंनी किती वेळा असं विचारलं. मी मोजलं नाही.

मुलांच्या बसण्याची पद्धत अशी होती. मुलं हवी त्या गाडीत बसत. निघताना दोन्ही गाड्यांतून कुणीतरी एकाने व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अंगठा टाकायचा. दोन अंगठे दिसले की निघायचं. गाडीत शिरून मुलं मोजायची असं काही ठरलेलं नव्हतं. आठवडाभर अंगठ्यावरच चाललं होतं आणि काही बिघडलं नव्हतं.

३१ जुलै, शनिवार. आम्ही फ्लॉरेन्सहून परत निघालो. संहिता सकाळपासून पुष्करच्या गाडीत ईशानीजवळ होती. दुपारी २.५०च्या सुमारास बोलोन्याच्या पुढे एका थांब्यावर आम्ही थांबलो. पेट्रोल पंप, कॉफीचं दुकान आणि मागे झाडाखाली बाकं असा तो थांबा आहे. ऊन मी म्हणत होतं. गर्दीमुळे आमच्या दोन गाड्यांना जवळजवळ जागा मिळाली नाही. मध्ये गाड्यांच्या दोन रांगा होत्या आणि त्या झाडाखालची बाकंही मध्येच होती.

यशोधनचं नाक सकाळपासून वाहत होतं. थेपले खाऊन झाल्यावर उल्का मला म्हणाली, "अगं संपदा, रागावू नकोस, पण आता घरापर्यंत मुलं आपापल्या गाडीत ठेवूया का? पुष्करला सोमवारी ऑफिसला बोलावलंय, टेस्ट करावी लागणारे." मी "चालेल की" म्हणाले. तिचं काही चुकलं नव्हतं. पण मला ते लागलं. दीड वर्ष एका ताटात जेवल्यावर माझ्या मुलाच्या शेंबडाची तिला भीती वाटावी, याचं मला फार वाईट वाटलं. हे या जबाबात यायला हवं का, असं मी विचारलं. अधिकारी बाई म्हणाल्या, येऊ दे.

मी संहिताला आमच्या गाडीत चल म्हणाले. ती नाही म्हणाली. डचमध्ये म्हणाली. मी मराठीत सांगायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, हे आमच्याकडे रोजचंच आहे. मी हात धरल्यावर तिने रस्त्यावर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. आजूबाजूचे लोक बघायला लागले. यशोधन कडेवर रडत होता. तेव्हा मी तिला म्हणाले, "जा! तिकडेच राहा त्यांच्याकडे. माझ्याकडे परत येऊ नकोस."

इटलीच्या पोलिसांच्या कागदात मुलीच्या तोंडचं म्हणून जे वाक्य आहे, ते मला वाचून दाखवलं. "आईने सांगितलं, तिकडे राहा, परत येऊ नकोस." त्यांनी फोनवरून डच भाषांतर करून तिला विचारलं होतं. मुलीने खरं सांगितलं. मी अगदी तसंच म्हणाले होते. आमच्याकडे आया मुलांना हे वाक्य आठवड्यातून चार वेळा म्हणतात. माझी आई मला म्हणत असे, आणि मी पुढच्या पाच मिनिटांत तिच्या पदराशी असे. त्याचा अर्थ आत्ता माझं डोकं फिरलंय, इतकाच असतो. माझ्या मुलीला तो अर्थ माहीत नसेल असं माझ्या मनातही आलं नाही.

ती उठली आणि पुष्करच्या गाडीकडे चालू लागली. तिची पिवळी टोपी दोन गाड्यांच्या मधून जाताना मी पाहिली. मग मी यशोधनला आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा करून त्याचा डायपर बदलला. यापुढचं मी पाहिलेलं नाही. उल्काने मला नंतर सांगितलं, आणि तिने आल्मेरेला पोलिसांना दिलेल्या जबाबातही तेच आहे. संहिता त्यांच्या गाडीपाशी गेली. उल्का तिला म्हणाली, "आज आईच्या गाडीत हं बाळा, यशो वाट बघतोय." तिच्या गालाला क्रीम लावलं आणि तिला आमच्या गाडीकडे वळवलं. ती आमच्या दिशेने जाताना उल्काने पाहिली. म्हणजे मी तिला जाताना पाहिलं आणि उल्कानेही तिला जाताना पाहिलं. काकूने इकडे पाठवलं आणि आईने येऊ नकोस म्हणून सांगितलेलं. ती मधल्या बाकावर बसली.

आशुतोष पेट्रोलचं बिल भरून आला. त्याने विचारलं, "संहिता?" मी म्हणाले, "तिकडे." ग्रुपवर पुष्करचा अंगठा येऊन पडला होता. मी माझा टाकला. ३ वाजून २० मिनिटं. तो फोन आज सोबत आणला आहे, तपासून घ्यावा. आम्ही सगळे निघालो.

४ वाजता चिंचवडहून माझ्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचे तिकडचे साडेसात, टीव्ही लावायच्या आधीची वेळ. नाव गुरुनाथ, वय ७१. दोन वर्षांत त्यांनी नातवंडांना फोनबाहेर पाहिलेलं नाही. यशोधन झोपला होता, तो त्यांना दाखवला. ते म्हणाले, "आणि आमची मोठी कुठाय?" मी म्हणाले, "उल्काच्या गाडीत आहे बाबा." ते म्हणाले, "मग उल्काला लाव की. दोन मिनिटं बघतो आणि ठेवतो." मला उल्काशी बोलायचं नव्हतं. मी म्हणाले, रात्री करते. ते ऐकेनात. शेवटी त्यांच्या कटकटीला कंटाळून मी उल्काला फोन लावला. उल्का म्हणाली, "संहिता? ती तुमच्याकडे आहे ना?"

आशुतोषने गाडी कशी वळवली ते मला सांगता येणार नाही. तिथे वळता येत नाही. पुढचा एक्झिट अकरा किलोमीटरवर होता. थांबा मागे एक्कावन्न किलोमीटर राहिला होता. उलट दिशेला सुट्टीवर निघालेल्यांची रांग लागली होती. पुष्करने ११२ला फोन केला. त्याला थांब्याचं नाव सांगता येईना, आम्हा चौघांपैकी कुणालाच ते आठवेना. शेवटी कॉफीच्या पावतीवर सापडलं. बाबांचा फोन मी कट केला होता. ते पुन्हा पुन्हा लावत होते आणि मी उचलत नव्हते. मी गाडीत काय बोलत होते ते मला आठवत नाही. आशुतोष म्हणतो की मी फक्त किलोमीटर वाचत होते.

५ वाजून ५ मिनिटांनी आम्ही पोचलो. संहिता कॉफीच्या दुकानात काउंटरमागच्या बाईंजवळ उंच स्टुलावर बसली होती. दोन पोलीस शेजारी उभे होते. तिच्या हातात सरबताचा ग्लास होता. त्या बाई म्हणाल्या की मुलगी बाकावर तासभर बसून होती. रडली नाही, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. चला म्हटलं तर उठेना, शेवटी उचलून आत आणली. मी दारात दिसल्यावरही ती स्टुलावरून उतरली नाही. मी तिच्याजवळ गेल्यावर तिने मला विचारलं, मराठीत विचारलं, "येऊ का?"

पोलिसांनी आमचे कागद पाहिले, फोटो काढले आणि दोन तासांनी जाऊ दिलं. माझ्या हातात मुलगी देताना त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता घरातली परिस्थिती विचारल्यावरून सांगते. संहिता जेवते, झोपते, शाळेत जाते. माझा फोन नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला आहे. मी कचरा टाकायला खाली निघाले तरी ती चपला घालून दारात उभी राहते आणि मी पण येतेय ना, असं विचारते. उल्का रोज मेसेज करते, मी दोनाला एक उत्तर देते. आशुतोषने मला या प्रकरणात एकदाही बोल लावलेला नाही. त्याने लावावा असं मला वाटतं. तो आत्ता बाहेर दोन्ही मुलांना घेऊन बसला आहे.

शेवटी मला असं विचारण्यात आलं की, ३.२० ते ४ या चाळीस मिनिटांत मी मुलीची काही चौकशी केली का. आशुतोषच्या जबाबात, मी आजारी यशोधनमध्ये गुंतले होते असं आहे. ते बरोबर नाही. यशोधन पाच मिनिटांत झोपला होता. एरवी ती उल्काच्या गाडीत असली की मी दर दहा मिनिटांनी मेसेज करते, झोपली का, पाणी प्यायली का. त्या दिवशी एकही केला नाही. उल्कावर राग होता, हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. मी सँडल काढून पाय वर घेतले होते. गाडीत कुणी काही मागत नव्हतं. बाहेर सूर्यफुलांची शेतं होती आणि अख्ख्या इटलीत मी धड पाहिलेली तेवढीच गोष्ट. मला वाटलं, असंच घरापर्यंत जावं.

इथे शामलाताई थांबल्या आणि मला मराठीत म्हणाल्या की हे वाक्य तुमच्या विरुद्ध जाईल, पुन्हा विचार करून सांगा. अधिकारी बाईंनी काय बोलणं झालं ते विचारलं, आणि शामलाताईंनी ते सांगितलं. मी विचार केला. मुलगी मी मुद्दाम सोडली नाही. ती गाडीत नव्हती हे मला चाळीस मिनिटं बरं वाटत होतं. तिला विचारणारे पुष्कळ झाले, तिने सगळ्यांना खरं तेच सांगितलं. वाक्य राहू द्यावं.

हा जबाब मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. मी तो पूर्ण ऐकला. सगळा माझ्याच तोंडचा आहे आणि त्यातलं काही गाळायचं नाही. वेळ दुपारी १२.३५. सही केली आहे.