बिबवेवाडीत होडीचं पंक्चर

—अहो नाही, ट्रकची ट्यूब कुठली, होडी आहे ही! रबरी होडी. दोन माणसांची. हसा, आधी हसून घ्या, मग काम करा — कोपऱ्यावरचा तो सायकलवाला हसता हसता खाली बसला, म्हणून तर तुमच्याकडे आले. पाटीवर लिहिलंय ना, 'रंगराव, सर्व प्रकारचे पंक्चर' — सर्व प्रकारचे म्हणजे सर्व प्रकारचे. सोल्युशन धरणार नाही? माहितीये मला, हिचं ठिगळ आणि हिचा गोंद खोक्यातच आला होता, हा घ्या. मला फक्त भोक शोधून द्या. घरी बादलीत मावत नाही हो ती. काल संध्याकाळी गच्च भरली, आत जाऊन चहा टाकला, बाहेर येऊन बघते तर पापडासारखी चपटी! दगडानं फाटली असणार कुठंतरी. बुडवा त्या टाकीत. सावकाश.

आता तुमच्या मनात आलंच असेल, साठी उलटलेल्या बाईला होडी कशाला हवी — आलंय ना? येणारच. अहो, तीस वर्षं भूगोल शिकवला मी शाळेत. नदीची युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था, फळ्यावर इतक्यांदा काढली की डोळे मिटून काढीन. पण पाय? पाय कधी ओला नाही! आणि आमचे हे, श्रीधर — हे पाटबंधारे खात्यात कारकून, चौतीस वर्षं. अख्ख्या जिल्ह्याचं पाणी ह्यांच्या टेबलावरून वाहिलं, पण बाहीवर थेंब उडू दिला नाही. तर मला मोबाइलवर ही होडी दिसली, स्वस्त होती, मी बोट लावलं — आणि आली की हो घरी! परत कशी पाठवायची ते ह्यांना येईना, आणि मला पाठवायचीच नव्हती. मग ह्यांनी हॉलमध्ये पायपंपानं हवा भरली. 'चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवू' म्हणाले. ठेवली. अख्खा दिवस आम्ही होडीत बसून टीव्ही बघितला, कारण सोफ्याकडे जायला वाटच उरली नव्हती.

कुठली नदी? मुठा? — अहो, आपल्या मुठेत होडी घालायची म्हणजे आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं. स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी धरली, गुंजवणीला गेलो. तिथं एक खळाळ आहे — म्हणजे नदी जरा उतरते आणि पाणी दगडादगडांतून उड्या मारतं, फार नाही, साधंच. ह्यांनी डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, अंगात ते बुडू न देणारं नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. मलाही जाकीट. काठावर संभाजी म्हणून एकजण म्हशी धूत होता, तो म्हणतो, 'आजी, शूटिंग हाय का?' मी म्हटलं, हो, आम्ही हीरो-हिरॉइन. हे म्हणाले, 'गंभीर राहा.'

बसलो. मी पुढं, हे मागं. मी जायला वल्हं मारलं, ह्यांनी थांबायला मारलं — अडतीस वर्षं हेच चाललंय — होडी जागच्या जागी गरगर, जात्यासारखी! आणि तशीच पाठ पुढं करून शिरली खळाळात. हे ओरडतायत, 'सुहासिनी, विसर्ग वाढतोय! विसर्ग वाढतोय!' तेवढ्यात दगड लागला, होडी उसळली आणि हे पाण्यात — धप्प! 'वाचवा!' तो संभाजी काठावरनं अगदी शांतपणे म्हणतो, 'आजोबा, उभं ऱ्हावा की. गुडघाभर पानी हाय.' राहिले उभे. हेल्मेटची काच वर केली आणि शिट्टी फुंकली.

आणि मी? मी कुठली थांबते! ह्यांचं वजन उतरलं तशी होडी सुटली की हो — दगड चुकवत, डुचमळत, पाणी तोंडावर — मी किंचाळले, रंगराव. भीतीनं नाही, भीती कसली, इतकी मजा मला लग्नात आली नव्हती! एक खळाळ झाला, दुसरा आला, मग वळण आलं. मागून शिट्टी ऐकू येत होती. मग येईनाशी झाली. आता थांबता आलं असतं का? — वळणावर वाळू होती. वल्हं रोवलं असतं तर लागले असते काठाला. नाही रोवलं. हे मी कुणाला बोललेले नाही — तुम्हाला कसं बोलून गेले कोण जाणे. बुडबुडे दिसले का?

पाऊण तासानं परत आले, चालत, होडी ओढत, तोंडभर हसत. बघते तर हे काठावर बसलेत, हेल्मेट तसंच डोक्यावर, आणि मांडीवर माझ्या चपला. संभाजी म्हणाला, 'आजी, आजोबा लई रडलं.' हे म्हणाले, 'हेल्मेटमध्ये पाणी गेलंय.' मला आणखीनच हसू आलं. एसटीत अगदी कात्रज येईपर्यंत हसत होते मी. हे खिडकीबाहेर बघत. त्यानंतर आठवडाभर ह्यांचं बोलणं म्हणजे फक्त मीठ दे, पेपर दे एवढंच.

दिसलं? कुठं? बघू — अहो दगडानंच ना? दगडाचं नाही म्हणता? गोल आहे? आणखी एक? — आणि हे तिसरं. एका ओळीत. सारख्या अंतरावर.

दाभण आहे हे. कागद ओवायचं दाभण. चौतीस वर्षं गठ्ठ्यांना भोकं पाडली त्या माणसानं, एक कधी ओळीबाहेर गेलं नाही... म्हणजे ह्यांनी — थांबा. थांबा जरा, फोन लावते.

हॅलो. मी सुहासिनी. — कोण सुहासिनी काय विचारता! — पंक्चरवाल्याकडे आहे. — सापडली. — तीन. — काय? — रंगराव, बुडाशी चौथं आहे का हो? हे म्हणतायत, तीन माझी, चौथं तू खडकांवरून ओढत आणलीस त्याचं. — आहे? — आहे म्हणतात. ते माझं, कबूल. — नाही, रागावले नाही. — नाही म्हटलं ना! — मग घाबरलात ते तेव्हाच का नाही बोललात? — मी हसत होते म्हणून? —

— बरं. — हो, रविवारी तुम्ही पुढं बसा. — दोर? आणा की दोर. बांधायचा कुणाला, मला की होडीला? — दोघींना. बरं. — आणि अहो, ऐका. मला थांबता आलं असतं त्या दिवशी. — हो. — हो, पुढच्या वेळी थांबेन. — ठेवते.

काय म्हणाले? तुम्हाला काय करायचंय? ठिगळं लावा. चारही.