कुंदा सिस्टरच्या चहाची तक्रार

मंडळी, ऐका. आधी बसा. ते मागचे, खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा बसा. तुम्ही सोडलात म्हणून खांब पडत नाही.

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. दया विकत मिळावी का? दुकान मांडून, पाटी लावून, पैसे घेऊन कुणी दया करत असेल तर तिला दया म्हणायचं का? सांगा. — बघा, लगेच माना हलल्या! नाही, महाराज, नाही! अहो, माना हलवायला काय जातं तुमचं?

हाच प्रश्न मी तीन वर्षांपूर्वी याच मंडपात विचारला होता. उत्तरही मीच दिलं होतं, चांगलं ठणकावून. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मी चूक बोललो तरी टाळ्या, बरोबर बोललो तरी टाळ्या! माणसानं सुधारायचं तरी कुणाच्या भरवशावर? ते उत्तर आज परत घ्यायला आलोय. अर्धी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बंद दाराआडची उरलेली अर्धी ऐका. ज्याची गोष्ट त्याला विचारून सांगतोय. तो म्हणाला, "सांगा म्हाराज, पण चहाचं गाळू नका." नाही गाळत.

तर तालुक्याच्या गावाला, बाजारतळाच्या मागं, बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना आहे. तिथं एका बाईनं व्यसन सोडवायचं केंद्र काढलं. कुंदा पाटोळे तिचं नाव. जिल्ह्याच्या दवाखान्यात बावीस वर्षं नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणतात. नोकरी सोडली, जागा भाड्यानं घेतली, आठ खाटा टाकल्या, आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर ठरवला आणि बाहेर पाटी लावली. पाटीवर काय लिहिलं? कुणाचा फोटो नाही, कुणाची कृपा नाही. 'व्यसनोपचार केंद्र. सकाळी आठ ते रात्री आठ. रविवारी चालू.' बस्स!

लोक सांगायला गेले, बाई, संस्था काढा, देणग्या घ्या, उद्घाटनाला मोठा माणूस बोलवा. ती म्हणाली, "नको. हे दुकान आहे. दुकान रोज उघडायचं असतं."

मला राग आला. मला कशाचाही राग यायचा तेव्हा. आता फक्त निवडक गोष्टींचा येतो, त्यात तुमचे मोबाइल पहिले.

आता दुसरा माणूस. त्रिंबक घुगे. माझा मृदंग. सतरा वर्षं माझ्या उजव्या हाताला उभा राहिलेला माणूस. मी चाल धरायच्या आधी त्याची थाप पडायची. आणि संध्याकाळी? संध्याकाळी तो कुठं असायचा ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यातले काही जण त्याच्या शेजारी बसलेले असायचे. नावं घेत नाही. मान खाली घालू नका, लगेच कळतं!

एका कीर्तनात त्याचा हात थरथरला. नेहमीची चाल, आणि थाप चुकली. त्याची बायको वत्सला, ती त्याला घेऊन कुंदा सिस्टरकडं गेली. मला न सांगता गेली. बारा दिवस तो आत होता. मग रोज सकाळी सायकलवर जायचा, सिस्टरसमोर गोळी घ्यायचा, चहा प्यायचा आणि परत यायचा. चार महिने! हात स्थिर झाला. माणूस झोपायला लागला, जेवायला लागला. वत्सलानं अंगणात कोथिंबीर लावली. लहान गोष्ट आहे, पण घरात उद्याचा विचार करायला कुणाला तरी सवड मिळाली होती.

आणि मग या गोष्टीत मी शिरलो.

आपल्याला एक रोग आहे, मंडळी. कुणाचं जरा बरं चाललंय असं दिसलं की आपण त्याचा सत्कार करतो. त्याला सुखानं राहू देत नाही! काल्याचा दिवस होता, मंडप भरलेला होता. मी त्रिंबकला मृदंग खाली ठेवायला लावला. पुढं उभा केला. शाल घातली, नारळ दिला, गळ्यात तुळशीची माळ घातली आणि वीणेवर हात ठेवून वदवून घेतलं, "मेलो तरी थेंब घेणार नाही." तो हळू बोलला. मी म्हटलं, "मोठ्यानं!" तो मोठ्यानं बोलला. टाळ्या.

तिथं थांबायचं ना? पण कीर्तनकाराला टाळ्या ऐकू आल्या की तो थांबतो का? मी म्हणालो, "आता कशाला त्या गोळ्या? ही माळ हीच गोळी! देवाच्या दारात सगळं फुकट आहे, आणि तिकडं एक बाई दयेचं दुकान मांडून बसलीय!" काय हशा! सरपंच तर मांडीवर हात मारून हसले.

कुंदा सिस्टर त्या मंडपात होती. वत्सलानं तिला महाप्रसादाला बोलावलं होतं. मी सांगायला नको, पण सांगतो. तिनं जेवण केलं, वाढणाऱ्याला दोनदा आमटी मागितली आणि जाताना माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाली, "महाराज, माळ राहू द्या. गोळी बंद करू नका." मी दुसरीकडं बघितलं. माझ्या पाया पडायला रांग लागली होती ना!

त्रिंबकनं दुसऱ्या दिवसापासून सायकल काढली नाही.

दोन महिने गेले. तिसऱ्या महिन्यात, मेहुण्याच्या लग्नात, त्यानं गळ्यातली माळ काढली, खुंटीला अडकवली आणि प्यायला. ऐका नीट. आधी माळ काढली! देवाचा मान राखला आणि मग ग्लास उचलला! — हसू नका. तुमच्या किती घरांत अशी खुंटी आहे ते मला ठाऊक आहे.

मग तो रोज प्यायला लागला. कीर्तनाला यायचा बंद झाला. मी काय केलं? शोधायला गेलो? छे! निरोप धाडला, "माळ परत आणून दे." आणि गावानं काय केलं? एका शहाण्यानं त्याच्या दारात जाऊन विचारलं, "ती शाल मंडळाच्या खर्चातली होती, तेवढी द्या." शाल! अहो, तुमचं उबेवाचून एवढं अडलं होतं का?

ते ऐकून त्रिंबकनं शरमेनं दारू बंद केली. एकदम. स्वतःला मागच्या खोलीत कोंडून घेतलं, आतून कडी लावली. तुम्ही म्हणाल, चांगलं झालं की! मीही तेच म्हणालो.

दोन दिवसांनी, भर दुपारी, वत्सला माझ्या ओसरीवर आली. पायात चप्पल नव्हती. म्हणाली, "म्हाराज, त्यांचं अंग लटलट कापतंय. भिंतीवर मुंग्या दिसत्यात म्हणत्यात, मुंग्या न्हाईत. मेलेल्या सासऱ्यांशी बोलत्यात. दार काय उघडंनात."

मी म्हटलं, "प्रायश्चित्त आहे, बाई. सोसू दे."

हो, हे याच तोंडानं म्हणालो. वत्सलानं माझ्याकडं बघितलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं माझ्याच पडवीतला फोन उचलला आणि कुंदा सिस्टरला लावला.

अर्ध्या तासात सिस्टरची गाडी आली. मी म्हटलं, ही आता मला सुनावणार. तिला तेवढा वेळच नव्हता. म्हणाली, "महाराज, गाडीत बसा. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की झटके येतात, माणूस जातो. म्हणूनच आम्ही औषधाखाली सोडवतो. दार तुमच्यामुळं बंद झालंय, तुम्ही उघडवा. नाही उघडलं तर मी फोडणार आहे."

गेलो. दारापुढं उभा राहिलो. तीन-तीन तास बोलणारा माणूस मी! म्हटलं, "त्रिंबक, मी आलोय."

आतून आवाज आला, "म्हाराज, आत येऊ नका. माळ खिडकीतून देतो."

आणि खिडकीच्या गजातून हात बाहेर आला. तोच हात, माझ्या उजव्या अंगाचा. त्यात माळ होती आणि मणी एकमेकांवर वाजत होते, इतका तो कापत होता. मला ती माळ घेता येईना आणि नको म्हणता येईना. मंडळी, मला रडू आलं. आयुष्यभर शब्दांवर जेवलोय मी, आणि ऐन वेळी एक सुचला नाही!

सिस्टर पुढं झाली. मला बाजूला सारलं. आणि काय बोलली? धीर दिला? देवाचं नाव घेतलं? नाही. ती म्हणाली, "त्रिंबकराव, तीन नंबरची खाट रिकामी केलीय. खिडकीजवळची, तुम्ही भांडून घेतली होती ती. मधेच यायचे बंद झालात. आमचं काही चुकलं का? गिऱ्हाईक आहात तुम्ही माझे. तक्रार असेल तर तोंडावर सांगा."

वत्सलानं पदर तोंडात धरलेला. सिस्टरचा ड्रायव्हर पहार घेऊन उभा.

मग आतून, अगदी बारीक आवाजात, "चहा."

"काय?"

"चहा पांचट असतो तुमचा. दूधच नसतं."

"बरं," सिस्टर म्हणाली, "अजून?"

"साखर बी कमी."

"ते बाहेर येऊन सांगा. मी लिहून घेते."

आणि कडी निघाली, मंडळी. माझ्या नावानं निघाली नाही. माझ्या माळेनं निघाली नाही. पांचट चहानं निघाली! दार उघडलं तसा तो उंबऱ्यातच कोसळला. आम्ही चौघांनी उचलला, दवाखान्यात नेला. पाच दिवस सलाइन. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं. संध्याकाळपर्यंत! आणि मी दुपारी त्याला सोसू द्यायला निघालो होतो.

दवाखान्याच्या बाकावर मी सिस्टरला विचारलं. विचारायची लाज वाटत होती, तरी विचारलं. "बाई, एवढं करता, मग पैसे कशाला घेता? फुकट केलं तर लोक देवी म्हणतील."

ती दमली होती. चिडलीही होती. म्हणाली, "म्हणूनच घेते. महाराज, फुकट दिलं की माणूस उपकाराखाली येतो. आणि उपकाराखालचा माणूस घसरला की तोंड दाखवत नाही. तुम्ही त्याला शाल दिलीत, आता ती शाल पांघरून तो माझ्या दारात कसा येणार? गिऱ्हाईक येतं. भांडत येतं, पण येतं. ज्याच्याकडं पैसे नसतात तो भाजी चिरतो, खाटा झाडतो आणि तोही भांडतो. मला देवी नका करू. देवीसमोर कुणी चहाची तक्रार करत नाही."

ती उठून सलाइन बघून आली.

"आणि माळ घाला की," ती म्हणाली, "माझी काही हरकत नाही. पण गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील. मी येते का तुमच्या कीर्तनात, मृदंग कसा वाजवायचा ते शिकवायला?"

मंडळी, एवढ्यावर संपलं असतं तर मी ही गोष्ट रंगवून सांगितली असती. पण माझं ते काल्याचं भाषण ऐकून आणखी दोघांनी गोळ्या सोडल्या होत्या. सिस्टर त्यांच्या घरी गेली, मी तिच्यामागं गेलो. एक परत आला. दुसरा गाव सोडून गेला होता. कुठं गेला ते त्याच्या आईलाही माहीत नाही. ती म्हातारी मला अजून वाकून नमस्कार करते. तिला ठाऊक नाही तो कशामुळं गेला. मला ठाऊक आहे.

आता तुम्ही विचाराल, महाराज, त्रिंबकची सुटली ना कायमची? हाच प्रश्न! तुम्हाला शेवट पाहिजे, गोड पाहिजे आणि तो महाप्रसादाच्या आधी पाहिजे! नाही सुटली. दोन वर्षं नीट होता. मागच्या महिन्यात परत घसरला. म्हणून आज मृदंगावर हे पाहुणे आहेत. छान वाजवतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण या वेळी ऐका काय झालं. कुणी दार फोडलं नाही. कुणी निरोप धाडला नाही. तिसऱ्याच दिवशी सकाळी आठला, त्या बर्फाच्या कारखान्याचं शटर वर जात होतं तेव्हा त्रिंबक घुगे स्वतः सायकल टेकवून बाहेर उभा होता. गळ्यात माळ होती. काढली नव्हती. सिस्टरला बघून म्हणाला, "पुन्हा पडलो. आणि मागच्या खेपेला चहात दूध घालते म्हणाला होतात, घातलं न्हाई."

ती म्हणाली, "आत या. तीन नंबर."

आता मला सांगा, दया कुणाकडं होती? माझ्याकडं शाल होती, नारळ होता, मंडप होता. तिच्याकडं एक शटर होतं आणि ते रोज वर जात होतं. मी तर आठवड्याचा सप्ताह करून पुढच्या गावाला जाणारा माणूस! ज्याच्या दारात माणसाला हरलेल्या तोंडानं जाऊन वर तक्रार करता येते, त्याच्या घरी दया राहते. तिथं पैसे घेतात की नाही ते तुम्ही बघत बसा, मला आता त्यात रस नाही.

आणि तुमच्या घरचं काय? तुमचा भाऊ घसरला, तुमचा पोरगा घसरला, तर त्याला तुमच्या दारात तोंड दाखवता येईल का? की तुम्ही आधी माळ परत मागाल? माझं विचारू नका. मी मागितली होती.

परवा काला आहे. डॉक्टरांनी त्रिंबकला दोन तासांची सुट्टी दिलीय. वाजवायला येणार आहे. वत्सला आणि सिस्टर त्याच्याबरोबर असतील. कोण शाल आणणार आहे? — सरपंच, तुमचा हात वर दिसतोय, तो खाली घ्या. शाल नको, नारळ नको, टाळ्या नकोत, "कसं वाटतंय आता" हे तर मुळीच नको. पाहुणे स्वतःहून मृदंग त्याच्याकडं देणार आहेत. तुम्ही फक्त एक करा. चहा नीट करा, दूध घालून.

आणि तो आला, की थोडं सरका. त्याच्या जागेवर त्याला उभं राहू द्या.